पेटीतली होळी

दिवाळी सरली की आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण पडायला लागतात. साखर कारखान्याच्या धुराड्यातून उडालेली चिपाडाची राख. झटकली तर जाते, चोळली तर पसरते. आमची मंडळी पांढरी चादर उन्हात धरून दरवर्षी तेच बोलते, "उनी तुमना कारखानानी राख!" मला निवृत्त होऊन दोन हंगाम झाले, पण राख अजून माझ्याच नावावर आहे.

राखेपाठोपाठ मळीचा तो आंबूस-गोड वास येतो. मग तळोद्याच्या रस्त्यावर एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, सडकेवर चेंगरलेली उसाची कांडी, आणि दिवसातून तीनदा भोंगा. पूर्वी पहिला भोंगा ऐकला की घरात लग्न असल्यासारखं वाटायचं. आता तो झाला की मी आतल्या खोलीत जातो, कपाट उघडतो आणि तिसऱ्या फळीवर, स्वेटरांच्या मागे ठेवलेली काळी डबी जागेवर आहे ना ते बघतो. तळहातावर मावेल एवढी. तिच्यात एक टेप आहे. त्या टेपमध्ये सातपुड्यातल्या सगळ्या पाड्यांची होळी आहे, आणि ती वाचता येईल असं यंत्र माझ्या माहितीत कुठेच उरलेलं नाही.

त्या यंत्राला आम्ही पेटी म्हणायचो. खरं तर ती फ्रिजएवढी होती, राखाडी, दोन बाजूंना जाळ्या असलेली. कारखान्यात बाकी सगळीकडे घाम, वाफ आणि तेलकट जिने, पण पेटीच्या खोलीत एसी. कडक उन्हाळ्यात संचालक मंडळी काहीतरी विचारायच्या निमित्ताने तिथे येऊन बसत. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, चित्र नाही, बाण नाही, काही नाही. पाहुण्यांना दाखवलं की ते म्हणत, एवढंच? मी म्हणायचो, एवढंच. कुणाचा ऊस कधी लागला, कुठल्या गटात आहे, किती महिन्यांचा झाला, आज कुठल्या टोळीने कुठल्या शेतात उतरायचं, हे सगळं ती सांगायची. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालायचो, आणि माळेचं पाणी आत ठिबकू नये म्हणून फुलं आधी पंचाने पुसून घ्यायचो.

पेटी एका बड्या कंपनीची. यंत्र त्यांचं, आतली भाषा त्यांची, दुरुस्तीला येणारा माणूसही त्यांचाच. दुसऱ्या कुणाचा साधा स्क्रू तिला चालत नसे. घेताना एका म्हाताऱ्या संचालकांनी विचारलं होतं, एकाच दाराचं घर कशाला बांधायचं? तेव्हा मी तरुण होतो. म्हणालो, दार एकच असलं की चोरी होत नाही. सगळे हसले आणि पेटी आली. बावीस हंगाम ती एकदाही बसली नाही. पावसाळ्यात वीज जायची, एकदा तर खोलीत साप निघाला, पण पेटीने पाळी चुकवली नाही. एवढं इमान मी माणसांत फार थोडं पाहिलंय.

रमिला वळवी आमच्याकडे आली ती वर डोंगरातल्या, मोलगीकडच्या एका पाड्यावरून. तिचे वडील ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम होते, तिचा जन्म टोळीच्या झोपड्यांत झालेला, आणि आश्रमशाळेत राहून ती बारावी झाली होती. त्यांच्या घरातली कोयता हातात न धरलेली ती पहिली. घरी तिची बोली वेगळी, आमच्या गावात अहिराणी, आणि पेटीसमोर ती शाळेतलं स्वच्छ मराठी बोलायची, प्रत्येक शब्द पाटीवर लिहिल्यासारखा. सहा महिन्यांत ती पेटी माझ्यापेक्षा चांगली चालवू लागली. मला तेव्हा थोडं लागलं होतं, आता कबूल करायला हरकत नाही.

आमच्या कारखान्याला एक जुनं दुखणं होतं. फाल्गुन लागला की डोंगरातल्या टोळ्या होळीसाठी निघून जायच्या. कधी कुठली जाईल याचा पत्ता नाही. सोमवारी चार टोळ्या गायब, बुधवारी सात. ऊस टाकायची गव्हाण रिकामी, कारखाना 'नो केन'ने, म्हणजे ऊसच नाही म्हणून, बंद, आणि शेतात उभ्या उसाला तुरे फुटून साखर उतरलेली. रणरणत्या उन्हात ऊस वाळत चाललेला शेतकरी खिडकीशी येऊन विचारायचा, "आप्पा, मन्हा उसले तुरा उना. मन्ही पाळी कव्हय येई?" आणि आम्ही साहेब लोक म्हणायचो, काय करणार, ह्या लोकांना होळीचं वेडच आहे.

रमिला हे सगळं ऐकायची. दुसऱ्या हंगामात एक दिवस तिने माझ्या टेबलावर शंभर पानी वही ठेवली. म्हणाली, "सर, कुणी न सांगता जात नाही. आमच्याकडे सगळ्यांची होळी एका दिवशी नसते. ह्या पाड्याची आज, त्या पाड्याची उद्या. ज्याचा त्याचा दिवस ठरलेला आहे."

मी वही उघडली. वडिलांना विचारून तिने पाड्यापाड्याची होळी लिहिली होती. नुसता दिवस नाही. कुठला पाडा कुणाच्या होळीला जातो, बायको कुठल्या गावची म्हणून ती टोळी दोन दिवस आधी निघते, कुणाच्या घरी नवस आहे म्हणून महिनाभर पाळणूक, म्हणजे व्रत आहे, होळीचा बांबू आणायला कुणाला जावं लागतं. बाप सांगायचा, लेक लिहायची. आम्ही ज्याला वेड म्हणत होतो त्याचं चोख वेळापत्रक होतं. ते आम्हाला माहीत नव्हतं एवढंच.

त्या वर्षी आम्ही दोघांनी बसून ते सगळं पेटीत घातलं. पेटी आता टोळी जायच्या आधीच तिची जागा भरायची. डोंगरातली टोळी निघाली की पठारावरची टोळी तिथे उतरायची, ती परतली की ही हलायची. पहिल्यांदाच फाल्गुनात कारखाना बंद पडला नाही. चेअरमन साहेबांनी पेढे वाटले आणि माझी पाठ थोपटली. मी रमिलाकडे बोट दाखवलं, पण जरा उशिरा दाखवलं.

मग मी ती गोष्ट केली. वहीच्या कडा पावसाने फुगल्या होत्या, शाई दोन-चार ठिकाणी पसरली होती. मी म्हणालो, "रमिला, वही भिजते. पेटी भिजत नाही. आता जे काय बदलेल ते थेट पेटीतच घालायचं." तिने मान डोलावली. पुढे दर हंगामात मुकादम यायचे, चहा प्यायचे, त्यांच्या बोलीत काहीबाही सांगायचे, आणि ती पडद्यावर दुरुस्ती करायची. वर्षांमागून वर्षं. वहीत होतं त्याच्या कितीतरी पट पेटीत झालं. वही कुठल्या तरी साफसफाईत गेली. कुणाला चुटपुटही लागली नाही.

मला ज्या हंगामाबद्दल बोलायचंय तो पेटीचा शेवटचा. त्या वर्षी थंडी फार पडली होती. सकाळी वजनकाट्यावर बैलांच्या नाकातून वाफा निघायच्या, गाडीवान उसाच्या पाचटाची शेकोटी करून बसायचे, आणि रमिला शाल पांघरून एसीच्या खोलीत आणखी गारठायची. त्याच थंडीत कारखान्यात वाद सुरू झाला, पेटी ठेवायची की काढायची.

बैठकीला पुण्याचा एक माणूस आला होता. हुशार आणि गोड बोलणारा. त्याने भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली. शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाळी दिसणार, मुकादमाच्या मोबाइलवर तोडीची चिठ्ठी. संचालकांचे डोळे लकाकले. मी उठलो आणि म्हणालो, मोलगीच्या वर मोबाइलला रेंज शोधायला झाडावर चढावं लागतं. एक संचालक हसून म्हणाले, "आप्पा, तुमना जीव त्या पेटीमा शे. पोपटमा राक्षसना राहे तसा." सगळी खोली हसली. मीही हसलो.

तो माणूस मात्र हसला नाही. त्याने शांतपणे विचारलं, "सर, उद्या ही कंपनीच म्हणाली, आम्ही हे यंत्र बंद करतो, सुटे भाग देणार नाही, माणूस पाठवणार नाही, तर तुम्ही काय कराल?"

मी म्हणालो, "बावीस वर्षांत म्हणाली नाही. आता काय म्हणेल?"

हे मी बोललो तेव्हा कंपनीचं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. त्यात नेमकं तेच लिहिलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी आलेलं. मी ते कुणाला दाखवलं नव्हतं. खोटं बोललो असं तेव्हा वाटलं नाही, वेळ काढतोय असं वाटलं. शिवाय मी त्याला उलटं विचारलंच, "आणि उद्या तुमचीच कंपनी असं म्हणाली तर?" त्यावर तो गोड हसला. माझा तो प्रश्न खरा होता आणि आजही खरा आहे. पण खरा प्रश्न विचारल्याने लपवलेलं पत्र काही पवित्र होत नाही.

शेवटी रमिलाने हात वर केला. बैठकीत ती कधी बोलायची नाही. तिने विचारलं, "ह्यात आमची होळी कुठे घालायची?" तो माणूस म्हणाला, "मॅडम, होळीची सुट्टी कॅलेंडरमध्ये आधीच घातलेली आहे." ती खाली बसली.

माझ्या हट्टापायी एवढंच ठरलं की हा हंगाम पेटीवर काढायचा आणि पुढचा नव्यावर.

तो हंगाम मी विसरू शकत नाही, कारण तो इतका सुरेख गेला. पेटी कधी नव्हे एवढी शहाण्यासारखी वागली. रोज सकाळी हिरव्या ओळी वर सरकायच्या आणि कोणती टोळी आज सुटणार ते दिसायचं. रमिला खिडकीतून बोट करून सांगायची, "आता बघा, ती निळ्या पातळाची बाई आहे ना, तिच्या माहेरची होळी परवा आहे, उद्या ही टोळी निघेल." आणि दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड बांधलेला टेम्पो फाटकातून बाहेर पडायचा, वर कोंबड्या, भांडी, लेकरं, नवं बांधलेलं ढोलकं. ऊस एक दिवस थांबला नाही.

त्या वर्षी ती मला तिच्या पाड्यावर होळीला घेऊन गेली. जीपमध्ये बावीस माणसं, मी धरून तेवीस. आम्ही पोहोचलो तेव्हा उजाडत होतं आणि होळी पेटून खाली आली होती. माणसांच्या अंगावर राखेचे ठिपके, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचे टोप. ढोल असा की पोटात वाजायचा. कारखान्यात मान खाली घालून चिठ्ठी घेणारे मुकादम तिथे राजासारखे उभे होते. रमिलाचे वडील खाटेवर होते, खोकत. त्यांनी लेकीला काहीतरी विचारलं. ती हसली आणि मला म्हणाली, "बाबा विचारतात, सगळं नीट ठेवलंय ना?" मी त्यांचा हात हातात घेऊन म्हणालो, "एकदम नीट." पावसाळ्याआधी ते गेले.

त्याच हंगामात रमिलाने मला तीनदा विचारलं होतं, "सर, एकदा सगळं कागदावर काढून घेऊ या का?" पहिल्यांदा मी म्हणालो, प्रिंटरची रिबन संपलीय. दुसऱ्यांदा म्हणालो, हंगाम उरकू दे. तिसऱ्यांदा मी चिडलो. "तुला पण पेटीचा भरवसा नाही का?" खरं सांगतो, रिबन कपाटात होती. पण छापून घेणं म्हणजे पेटी जाणार हे मान्य करणं होतं, आणि पेटी गेली की त्या खोलीत मी कोण होतो? बावीस वर्षं लोक मला विचारून जात होते. तो माझा जीव होता, संचालक बरोबर बोलले होते. मी माझ्या मानासाठी तिच्या बापाचं शहाणपण तारण ठेवलं.

हंगाम संपल्यावर एप्रिलच्या एका दुपारी पेटीतून करकर असा आवाज आला आणि हिरवी अक्षरं गेली. बस. मी तिच्या जाळीला हात लावला तर गरम होती. कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी फार नम्रपणे म्हणाली, सर, तुम्हाला पत्र मिळालं असेलच.

माझ्याकडे टेप होती. दर शनिवारी मी पेटीतली सगळी माहिती एका टेपवर उतरवून जेवणाच्या पिशवीतून घरी न्यायचो, कारखान्याला आग लागली तरी माहिती वाचावी म्हणून. त्याचा मला फार अभिमान होता. ती टेप घेऊन मी सुरतेला गेलो, पुण्याला गेलो. पुण्यात एकाने ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, काका, आत सगळं असेल. पण हे वाचायला त्याच कंपनीचं, त्याच काळातलं यंत्र हवं. कुठे मिळालं तर सांगा, मलाच बघायचंय. बैल गेला आणि झोपा केला, अशी माझी गत.

पेटी भंगारात वजनावर गेली. चार हमालांनी उचलली, तेव्हा मागच्या बाजूला वाळलेला झेंडू निघाला.

पुढच्या हंगामात नवं आलं. वाईट नव्हतं. मला ते वाईट निघायला हवं होतं, हेही कबूल करतो. माघ संपेपर्यंत छान चाललं. मग कॅलेंडरातली होळी एका दिवशी आली आणि डोंगरातली होळी आपल्या दिवसांनी आली. टोळ्या निघाल्या, कुणाची जागा कुणी भरली नाही, गव्हाण रिकामी पडली, उसाला तुरे आले. खिडकीशी पुन्हा तेच, "आप्पा, मन्ही पाळी कव्हय येई?" आणि साहेबांच्या खोलीतून पुन्हा तेच, ह्या लोकांना होळीचं वेडच आहे.

मग त्यांना रमिला आठवली. नव्या यंत्रासाठी तिची गरज नव्हती, तिला कमी करायचं ठरलेलंच होतं. तिला बोलावून सांगितलं, तुझी ती होळीची यादी आणून दे, नव्यात घालू, तुला कायम ठेवू. ती माझ्याकडे आली. माझ्याच घरी, याच खोलीत बसली. मी टेप तिच्यासमोर ठेवली आणि तिला सगळं सांगितलं. पत्राचंही सांगितलं. तिने डबी उचलली, उघडून पाहिली आणि परत ठेवली.

"आठवतंय तेवढं लिहून देते," ती म्हणाली. आठवलं ते तिच्या बाजूच्या पाड्यांचं. बाकीचं कुणाला विचारणार? सांगणारे जुने मुकादम मधल्या वर्षांत एकेक करून गेलेले, त्यांची पोरं गुजरातच्या कारखान्यांकडे पांगलेली. पाड्यापाड्यावर जाऊन नव्याने लिहायचं तर दोन होळ्या लागल्या असत्या. साहेबांनी तिला दोन आठवडे दिले. अर्धीमुर्धी यादी त्यांनी घेतली नाही आणि तिलाही ठेवलं नाही. त्यांचं म्हणणं होतं, अर्ध्या यादीपेक्षा कॅलेंडर बरं.

अजूनही कधी कधी जुने सहकारी भेटतात आणि विचारतात, आप्पा, खरं सांगा, पेटी ठेवायला हवी होती की नाही? मी दोन्ही बाजूंनी भांडून पाहिलंय, एकटाच, गच्चीवर राख झटकत. ती नवीपेक्षा भरवशाची होती, होतीच. आणि तिची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती, तीही होतीच. इतकी वर्षं न बिघडणाऱ्या वस्तूच्या भरवशावर माणूस पाय पसरून निजतो. उघड्यावरची वही भिजते म्हणून आपण तिची काळजी तरी घेतो. निवड माझी होती आणि किंमत दुसऱ्या कुणी दिली एवढं मला कळतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे जळलं तिचं, आणि कळायला मला एवढी वर्षं लागली.

परवा तळोद्याला गेलो होतो. स्टँडच्या पलीकडे टोळ्यांचे ट्रक उभे होते, गुजरातकडे जाणारे. एका ट्रकच्या फाळक्याला टेकून रमिला उभी होती. डोक्याला रुमाल, पायात टायरच्या चपला. कोयते एका पोत्यात बांधून शेजारी ठेवलेले. मला बघून ती पुढे आली. "सर, तब्येत कशी आहे?" तिनेच आधी विचारलं. मी तिच्या हातांकडे बघू नये असं ठरवलं आणि बघितलंच. मी विचारलं, टोळीचं लिखाण बघतेस ना? ती म्हणाली, "लिखाण असतं थोडं. बाकी तोडायला जाते. भावजय बाळंतीण आहे, तिच्या जागी."

तिने पिशवीतून एक वही काढली, नवी, शंभर पानी. खताच्या पिशवीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा तिच्यावर सुतळीने गच्च बांधलेला. सोडून दाखवली. चार पानं भरली होती. टोळीतल्या माणसांना विचारून विचारून लिहिलेली, पडद्यावर असायची तशीच, त्याच रकान्यांत. पाड्याचं नाव, दिवस, कुणाच्या होळीला जातात, कधी निघतात. बऱ्याच नावांपुढे जागा कोरी होती.

"होळीपर्यंत जेवढं होईल तेवढं," ती म्हणाली. मग वही पुन्हा गुंडाळू लागली, सुतळीला दोन गाठी मारल्या. "वही भिजते ना, सर."

टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

ट्रक सुरू झाला. ती चाकावर पाय देऊन वर चढली, लेकरांच्या आणि भांड्यांच्या मधे जागा करून बसली, आणि वाकून ओरडली, "वहीत कोरं आहे ते तुमच्या डबीत आहे, सर. सांभाळून ठेवा."

मी हात वर करून हो म्हणालो. घरी आलो, कपाट उघडलं, स्वेटर बाजूला केले. टेप जागेवर होती. अगदी कोरडी.